जंतूंच्या कुंडल्या

प्लेटवर गोल उमटायला हवा होता, तो नव्हता! सुरुवात एवढ्याशा गोष्टीनं झाली. आमच्या बेळगावच्या लॅबमध्ये जंतूंपेक्षा किस्से जोरात वाढतात. फ्रिजमधली जागा संपते, किस्से काही संपत नाहीत.

जंतूंच्या प्लेटवर आम्ही अँटिबायोटिकच्या टिकल्या ठेवतो. औषध लागू पडलं, की टिकलीभोवतीचे जंतू मरून स्वच्छ गोल दिसतो. नवजात बाळांच्या वॉर्डातून आलेल्या त्या प्लेटवर एका टिकलीभोवती जेमतेम गोल, बाकी नुसती गर्दी. मी किंचाळलेच!

लॅबच्या प्रमुख मॅडम धावत आल्या. प्लेट बघून म्हणाल्या, "ओरडून काय उपयोग गं? औषधांना न भिणारे आहेत, तुला काय भिणार!"

*

मग आणखी दोन बाळांचे नमुने तसेच आले. तिघांनाही ते उरलेलं एकच औषध सुरू झालं. ते हरलं असतं तर पुढं काहीच नव्हतं. सिस्टर म्हणायच्या दोष सिंकचा, सफाईवाले म्हणायचे डॉक्टरांचा.

मॅडम म्हणाल्या, "भांडण बास! सीक्वेन्सिंग करा. जंतूंचा डीएनए अक्षर न् अक्षर वाचा, एकाच घरातले असतील तर कळेल."

खासबागला घरी गेल्यावर मी आईला सोपं करून सांगितलं, "जंतूंच्या कुंडल्या जुळतात का बघतोय."

आई भाकरी थापता थापता थांबली. "जंतूंच्या जुळीवतीस, आनि स्वतःची दाखवायची म्हटलं की डोकं दुखतंय व्हय गं?"

*

कुंडल्या जुळल्या! तिन्ही बाळांचे जंतू सख्खी भावंडं. म्हणजे उगम एकच, आणि तो सापडेपर्यंत चौथ्या बाळाचा नंबर कधीही लागणार.

आमचे टेक्निशियन अण्णा कापसाच्या काड्या घेऊन वॉर्डभर फिरले. नळ, पाळणे, दारांच्या कड्या, काही सोडलं नाही. मोठ्या डॉक्टरांचा मोबाइलसुद्धा! रिपोर्ट द्यायला गेले ते हसत हसतच.

"सर, मोबाइलवर जंतू लई हायत. पण ह्या खानदानातला एकबी न्हाय. अभिनंदन!"

*

बाळाला दुधाशिवाय दुसरं काही देता का, असं सिस्टरनी वॉर्डातल्या बाळांच्या सगळ्या आज्यांना विचारलं होतं. सगळ्यांचं एकच उत्तर, "काय बी न्हाय."

एकदा मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर डबा खात बसले होते. शेजारी खानापूरच्या आजी सहाणेवर बाळगुटी उगाळत होत्या. मी डबा बाजूला ठेवला.

"आजी, हे काय?"

"गुटी."

"पण तुम्ही तर काही देत नाही म्हणालात!"

"गुटी काय औषध हाय व्हय? बोटभर चाटवायची, झालं! माझी सहाण ऱ्हायली घरी, ही त्या निपाणीच्या आक्कांची."

मग कळलं, आज्या मुक्कामाला असायच्या त्या हॉलमध्ये अशा बऱ्याच सहाणी होत्या आणि जिला लागेल तिच्याकडे फिरत होत्या. आम्ही गुटी बंद करायला लावली आणि प्रत्येक सहाणेवरून काडी फिरवली. एका आजीनं काडीला हळदकुंकू वाहिलं!

*

जंतू सगळ्याच सहाणींवर निघाले. पण कुंडली जुळली एकीचीच, निपाणीच्या आक्कांची. तोवर त्यांचा नातू, त्या तीन बाळांतला एक, आमच्या त्या एकुलत्या औषधानं ठणठणीत होऊन घरी गेला होता. सहाणही गेली होती. आणि सिस्टरना आठवलं, आज त्याचं बारसं! म्हणजे घरभर लेकुरवाळ्या बायका.

मी फोन लावला. रिंग वाजतेय, कोणी उचलत नाही. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मॅडम म्हणाल्या, "लावत राहा." अण्णा गाडीची किल्ली घेऊन दारात उभे.

आणि एकदाचा फोन उचलला गेला! मागं बायकांचा हा गलका. मी तोंड उघडायच्या आत आक्का ओरडल्या,

"सहाणेसाठीच न्हवं? माझा नातू बरा केलेली सहाण हाय, समद्या गल्लीला पायजे! पर पंगत उठल्याबिगर मी कुणाचीच गुटी उगाळनार न्हाय. तुझा नंबर पाचवा. पोरगा का पोरगी गं तुला?"