नव्यात घालायची जुनी मूठ

माझी सून लिनक्सच्या सर्व्हरसाठी पॅकेजं बनवते. हे एक वाक्य पाठ करायला मला आख्खा उन्हाळा लागला. मी चौथी शिकलेला माणूस, जन्म फौंड्रीत साचे भरण्यात गेला. उचगावच्या नाक्यावर चहाला बसलो की कोणीतरी विचारायचंच, "काय म्हातारबा, सून दिवसभर घरातच असती, करती काय?" मी वाक्य म्हणून दाखवायचो. समोरचा म्हणायचा, "म्हंजे?" मग मी कप खाली ठेवून उठायचो.

बायको गेली आणि दुपारी सरेनात. माझ्या खोलीत पडून तिच्या रिकाम्या कॉटकडं किती बघायचं? मी सुनेच्या खोलीत जाऊन बसायला लागलो.

"मामा, कंटाळा येईल हो तुम्हाला हितं."

"कंटाळा तिकडं बी हायच की. हितं निदान पंखा बरा हाय."

तिनं हळूहळू समजावलं. प्रोग्राम लिहिणारे जगात कुठंतरी बसलेले असतात, ते नुसता कच्चा माल देतात. सर्व्हर म्हणजे मोठे कॉम्प्युटर, दवाखान्याची नाहीतर तिकिटांची कामं त्यांच्यावर चालतात. त्यांच्यासमोर कोणी बसलेलं नसतं. ते आपले एका बंद खोलीत घुमत असतात. कच्चा माल त्यांच्यावर तसाच ओतून चालत नाही. सून त्याची कृती लिहिते, काय काय लागतं, कशाच्या आधी काय घालायचं, आणि त्याचं पॅकेज बांधते. मग कोणीही ते आपल्या सर्व्हरवर बसवतो. आणि बसवलं म्हणजे काम संपलं असंही नाही. कुठं भोक सापडलं की ठिगळ लाव, मूळ माल बदलला की परत बांध.

"म्हंजे पोरगी नांदायला दिल्यासारखं हाय हे," मी म्हणालो. "दिली आणि सुटलो, असं न्हाय."

"व्हय. सारखे फोन येत राहत्यात."

त्या दिवसांत तिनं एक नवीन पॅकेज अंगावर घेतलं होतं. आधी त्याला सांभाळणारा सोडून गेलेला. असल्या पॅकेजला त्यांच्या धंद्यात पोरकंच म्हणतात.

"पगार वाढला काय त्याच्यानं?"

"न्हाय."

"मग कशाला घेतलंस?"

"तुम्हाला घेतलंय तसंच," ती स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाली. मला हसू आलं. तोंडाळ आहे, पण सासूचीच निवड.

आता बरणीचं सांगतो. बायकोनं केलेली शेवटची चटणी चिनीमातीच्या बरणीत उरली होती. ती मी माझ्या खोलीत आणून ठेवली, कपाटात, धोतरांच्या मागं. जेवताना हळूच चिमूटभर घ्यायचो. घरातल्यांना विकतची आणली. कोल्हापूरच्या माणसानं विकतची चटणी खायची म्हणजे जिवंतपणी नरक, पण पोरगा आणि सून तीच खात राहिली. बरणी खाली खाली जात होती. ती संपली की ही चव जगातनं गेली, हे मला रोज ताटावर बसल्यावर कळायचं.

म्हणून ठरवलं, यंदा चटणी मी करणार.

सून म्हणाली, "आत्तींची कृती येती तुम्हाला?"

"न येऊन काय झालं? मिरच्या मी निवडून आणत होतो. कुटायला डंकावर पोतं मी नेत होतो. तुझी सासू नुसती बोटं नाचवत होती."

"मग सांगा. पण मी एक अट घालणार. तुम्ही सांगाल तेवढंच घालायचं, घरात पडलंय म्हणून काही घालायचं न्हाय. आम्ही पॅकेज असंच बनवतो. स्वतःच्या मशीनवर काय काय पडलेलं असतंय, ते नकळत कामाला येतंय, आणि आपल्याला वाटतंय कृती बरोबर हाय. म्हणून शेवटी मशीनमधेच एक रिकामी खोली करून तिच्यात बनवून बघायचं. कृतीत लिहिलंय तेवढंच खोलीत. काय विसरलं असलं तर तिथं लगेच अडतंय."

मी सांगत गेलो. ब्याडगी मिरची रंगाला, संकेश्वरी तिखटाला, धने, तीळ, खोबरं, गरम मसाला, लसूण, तळलेला कांदा, कोथिंबीर, मीठ. तिनं सगळं भाजलं. मी शिंका देत बाजूला बसलो. डंकावर जाऊन कुटून आणली. रंग असा की बघत राहावं.

भाकरीवर घेतली, तेल ओतलं, खाल्ली.

"कशी झाल्या?" सुनेनं विचारलं.

"तिखट हाय. चांगली हाय. कुणाच्या बी घरची हाय. आमची न्हाय."

पोरगा म्हणाला, "आबा, मला तर आवडली."

"तुला विकतची बी आवडती," मी म्हणालो आणि ताटावरनं उठलो. दोन दिवस मी सुनेच्या खोलीत गेलो नाही.

तिसऱ्या दुपारी तिचाच आवाज आला, स्वतःशी हसत होती. मी दारात गेलो. स्क्रीनवर लाल अक्षरांचा सडा.

"मामा, बसा. माझी बी चटणी बिघडली."

ते पोरकं पॅकेज. तिच्या मशीनवर झकास बनत होतं, रिकाम्या खोलीत घातलं की अडत होतं. आणि कारण काय सापडलं? तो प्रोग्राम म्हणे कॉम्प्युटरच्या एका भाषेची गिरणी होता. माणसानं त्या भाषेत लिहिलेलं मशीनला पचेल असं दळून देणारा. आणि तो स्वतःसुद्धा त्याच भाषेत लिहिलेला. म्हणजे नवी गिरणी उभी करायला आधीची जुनी गिरणी हाताशी पाहिजे. सुनेच्या मशीनवर जुनी पडलेली होती, म्हणून तिला पत्ता नाही. कृतीत लिहायची राहिली.

"स्वतःला बनवायला स्वतःच लागतंय, हे लिहायचं डोक्यातच आलं न्हाय," ती म्हणाली. "दह्याला विरजण लिहायला विसरल्यासारखं झालं."

 विरजण म्हटल्याबरोबर मला बायकोची डबी दिसली.

स्टीलची, घट्ट झाकणाची डबी. दर उन्हाळ्यात डंकावर जाताना बायको ती मांडीवर घेऊन माझ्या स्कूटरवर मागं बसायची. मी समजत होतो डंकवालीला मागच्या वर्षीचा रंग दाखवायला नेते. बायकांचं काहीतरी असतंय म्हणून कधी विचारलं नाही.

सकाळी उठून डंकावर गेलो. डंकवाली बाई पदरानं नाक बांधून उभी होती.

"माझी मंडळी डबीत काय आणायची गं?"

"अण्णा, एवढी वर्षं संसार केलासा आणि हे मला इचारता? मागच्या सालची चटणी की. सगळं कुटून झालं की शेवटच्या घाण्यात एक मूठ टाकायची. माहेरची रीत म्हणायची. तिच्या आईकडनं पयली मूठ आणलेली."

"मग परवा मला का सांगितलं न्हाईस?"

"तुम्ही कुणाला बोलू देताय व्हय? आल्यापासनं मलाच शिकवालतासा."

घरी आलो, कपाट उघडलं. धोतरं बाजूला केली. बरणीत तळाला जेवढी होती तेवढी होती. मूठ काढली तर माझ्या चिमटी संपणार, न काढली तर सगळंच संपणार. हा हिशेब चौथी शिकलेल्याला पण येतो. तरी मी बरणी मांडीवर घेऊन बराच वेळ बसलो. मग सुनेच्या टेबलावर नेऊन ठेवली.

तिनं बरणीकडं बघितलं. एवढे दिवस ती कुठं होती, हे विचारलं नाही. तिला माहीत असणार. माझी धोतरं तीच घडी घालते.

"सगळी घाल," मी म्हणालो.

"सगळी न्हाय. एक मूठ. नवी नीट झाली असं कळल्याशिवाय आम्ही जुनी टाकत न्हाय."

आम्ही दोघं तिच्या गाडीवरनं डंकावर गेलो. डबी माझ्या मांडीवर. केलेली चटणी परत एकदा डंकातनं काढली, शेवटी डंकवालीनं मला मूठ टाकायला लावली. हात आत घालताना माझे डोळे भरून आले. ती म्हणाली, "मिरची हाय अण्णा, लांबनं टाका." शहाणी बाई.

घरी आल्यावर सुनेनं पहिल्यांदा ती डबी नव्या चटणीनं भरून वर फळीवर ठेवली, पुढच्या वर्षासाठी. मग खुर्चीवर बसून आपल्या कृतीत ती राहिलेली ओळ लिहिली. जेवायच्या वेळेपर्यंत तिच्या स्क्रीनवर हिरवं आलं होतं. पॅकेज बनलं होतं.

बायको असताना नव्या चटणीचा पहिला घास मीच खायचो आणि दर वर्षी एकच बोलायचो, मुद्दाम, तिला चिडवायला. त्या रात्री सुनेनं ताट पुढं ठेवलं. मी भाकरीचा तुकडा चटणीत दाबला, खाल्ला. मूठभरानं एवढ्या ढिगाला चव येते का, हे मला विचारू नका. मी खोकलो, पाणी प्यालो.

"जरा तिखट झाल्या," मी म्हणालो.

सून तव्यावरची भाकरी उलटत होती. मागं वळलीसुद्धा नाही. "मग दूधभाकरी खावा," ती म्हणाली, अगदी सासूच्या आवाजात.

मी दुसरा तुकडा मोडला.