आठ परसांची विहीर

अहमदपूरच्या आमच्या शाळेत मी बावीस वर्षं भूगोल शिकवते आहे. जमिनीखाली मोठमोठे भूपट्ट आहेत, ते सरकतात, आपला भारत ज्या भूपट्टावर आहे तो नखं वाढतात तेवढ्या धिम्या गतीनं उत्तरेकडे चालला आहे. हे मी इतक्या वेळा सांगितलंय की लक्ष खिडकीबाहेर असलं तरी वाक्य चुकत नाही. या वाक्यावर कुणाचं काही अडलेलं असेल, असा विचार मात्र मी कधी केला नव्हता.

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशी साठीच्या पुढच्या. अंगानं काटक, तोंडानं फटकळ. त्यांचं मूळ गाव लातूर जिल्ह्याच्या दक्षिणेला. तिकडच्या मोठ्या भूकंपात त्यांची सात वर्षांची मुलगी गेली, एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्या बोलत नसत, आम्ही विचारत नसू.

जुलैतल्या एका शनिवारी सकाळची शाळा नुकतीच भरली होती. मी हजेरी घेत होते. आधी पत्रे वाजले, जड ट्रक गेल्यासारखे. मग टेबलावरचा पृथ्वीगोल आपोआप डुगडुगला. मला काही उमगायच्या आत स्वयंपाकाच्या खोलीकडून आवाज आला, "भायेर! समदे भायेर! दप्तरं ऱ्हाऊ द्या!" गॅस बंद करून मावशी धावत आल्या होत्या. पाचवीच्या दारात उभं राहून एकेका पोराला दंडाला धरून त्यांनी मैदानात काढलं.

धक्का दोन-चार सेकंदांचाच होता. भिंतीला साधी चीरही गेली नाही. थोड्या वेळानं फोनवर बातमी आली, केंद्र नांदेडच्या बाजूला, धक्का सौम्य. नांदेडला माझं माहेर. भावाला फोन केला तर तो चहा पीत होता. पोरांचंही हसणं-खिदळणं सुरू झालं. मावशी मात्र लिंबाखाली बसून होत्या. मी पाण्याचा तांब्या दिला तर तो त्यांनी न पिताच खाली ठेवला.

"आजून भादवा लांब हाय," त्या म्हणाल्या. "मग आत्ताच कसं हाललं, बाई?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी सांगितलं. तो मोठा भूकंप गणपती बुडवून आल्यावर झाला होता, भादव्याच्या शेवटाला. तेव्हापासून भादवा हा भूकंपाचा महिना, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. तो लागला की नवरा-बायको अंगणात बाज टाकत. संपला की घरात येत, आणि उरलेले अकरा महिने निर्धास्त असत.

सोमवारी पोरांनीच मला तो धडा काढायला लावला. मावशी तांदळाची परात घेऊन वर्गाच्या दाराशी निवडत बसल्या. त्यांच्यासाठी म्हणून मी ऋतूंपासून सुरुवात केली. गोल हातात घेतला, त्याचा कललेला आस दाखवला. पृथ्वी अशी कललेलीच सूर्याभोवती फिरते, म्हणून आपल्याकडे कधी ऊन सरळ पडतं, कधी तिरपं. उन्हाळा-हिवाळा त्यातून होतो, पावसाळाही त्याच फेऱ्यात येतो. हे सूर्याचं काम. भूकंप जमिनीच्या आतला. त्याला ना ऋतू, ना महिना.

"म्हंजे कव्हाबी येऊ शकतो?" दारातून मावशींनी विचारलं.

"हो," मी म्हणाले, आणि त्यांचा चेहरा बघून जीभ चावली. अकरा महिन्यांची निर्धास्ती मी एका शब्दात काढून घेतली होती.

तेवढ्यात एका मुलीनं विचारलं, भूपट्टाची कड तर तिकडे हिमालयात आहे, मग मधोमध आपल्याकडे का? मी म्हटलं, कडेला धक्का बसतो, पण दाब सगळ्या भूपट्टात भरतो. आपल्या काळ्या खडकाच्या खूप खाली जुन्या भेगा आहेत. एखादी कमजोर भेग तो दाब सोसेनाशी झाली की खडक एकदम सरकतो.

"ह्यो दाब कव्हापासून हाय?" पुन्हा मावशी.

"कोट्यवधी वर्षांपासून. माणूसच नव्हता तेव्हापासून."

तांदूळ निवडणारा हात थांबला. "मग इहीर खांदल्यानं असं व्हत न्हाई?"

पोरं हसली. मी हसले नाही, कारण मावशींचा आवाज फटकळ राहिला नव्हता.

मधल्या सुट्टीत त्यांनी सगळं सांगितलं. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात नवऱ्यानं शेतात विहीर खांदली होती. आठ परस, म्हणजे आठ पुरुष एकावर एक उभे केले तर होईल एवढी खोल. खाली सगळा काळा खडक, सुरुंग लावून फोडावा लागला. सासू सांगत होती, नको, धरतीमायच्या पोटात असे बार काढू नकोस. त्यानं ऐकलं नाही. पाणी लागलं आणि पुढं भादव्यात गाव पडलं. नातीला ढिगाऱ्यातून काढलं तेव्हा सासू सगळ्यांसमोर मुलाला म्हणाली, "तूच मारलंस तिला." दोन वर्षांनी ती गेली, पण शब्द मागे घेतला नाही. मावशींच्या नवऱ्यानं शेत चुलतभावाला बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दिलं आणि अहमदपूरला येऊन मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली धरली. पुन्हा त्या शेतात पाय ठेवला नाही. पोरीचं नाव घरात निघालं की तो उठून बाहेर जायचा.

"माझं न्हाई ऐकायचे ते," मावशी म्हणाल्या. "तुमी शिकलेल्या हाव. तुमी सांगा त्यायला."

मी हो म्हणाले खरी, पण मला भीती वाटली. पोरांना शिकवणं वेगळं. दोन दिवस मी जुनी पुस्तकं काढून वाचत बसले. तो भूकंप नेमका तिथंच का झाला, यावर विद्वानांचे वाद आहेत. पण त्यांतल्या एकाही वादात कुण्या शेतकऱ्याची विहीर नव्हती.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मावशींचे यजमान आले. धुतलेला सदरा, टोपी हातात. नववीच्या बाकावर गुडघे दुमडून बसले. मावशी दाराशी उभ्या राहिल्या.

"सतरा सुरुंग लावले व्हते, बाई," ते म्हणाले. त्यांचं पहिलं वाक्य हेच.

मी फळ्यावर जमिनीची रेघ ओढली आणि तिच्याखाली बोटाच्या पेराएवढी विहीर काढली. "मामा, ही तुमची आठ परस. आता याच मापानं खडक सरकला ती जागा दाखवायची तर हा फळा पुरत नाही. ही भिंतही पुरत नाही. बाहेरच्या लिंबाच्या शेंड्यापासून बुडापर्यंत रेघ ओढली तरी पोचत नाही. तुमचे सतरा बार तिथं कसे पोचतील?"

त्यांनी त्या पेराएवढ्या विहिरीकडे बोट केलं.

"खात्रीनं सांगता न्हवं?"

"भूकंप तिथंच का झाला हे मी खात्रीनं सांगू शकत नाही. तुमच्या विहिरीनं झाला नाही, हे मात्र खात्रीनं सांगते."

"मग माय तसं का बोलली?"

मी म्हणाले, "त्यांची नात गेली होती, मामा. जमिनीला कसं बोलणार? समोर तुम्ही होता."

त्यांनी टोपीनं तोंड पुसलं. "तिलाबी कुणी असं फळ्यावर काढून दाखवाया पायजे व्हतं," एवढं म्हणून ते उठले. जाताना मला हात जोडले. मलाच कसंतरी झालं.

नंतर बरेच दिवस काही कळलं नाही. मावशींनाही मी विचारलं नाही. भादव्यात दोघं अंगणातच झोपली, ती सवय माझ्या धड्यानं मोडली नाही. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या दिवशी मात्र मावशींनी मला स्वयंपाकाच्या खोलीत बोलावलं. सुट्टीत दोघं एसटीनं शेताला जाऊन आले होते. चुलतभावानं विहिरीवर मोटर बसवली होती, तुरी कमरेला लागल्या होत्या. नवरा आधी बांधावरच थांबला. मग विहिरीशी गेला, वाकून बघितलं, आणि चुलतभावाच्या सुनेकडून बादली मागून पाणी शेंदलं. ओंजळीनं प्याला.

"परत येताना लातूरला गाडी बदलली," मावशी सांगत होत्या, "आन् बसल्या बसल्या पोरीचं बोलाया लागले. आपलं आपणच. बार उडायच्या वक्ताला ती त्यायच्या मागं येऊन हुबी ऱ्हायाची म्हने. हे तिचे कान झाकायचे. तर ती इचारायची, 'बाबा, तुमचे कान कोण झाकनार?' मंग खाली बसवून घ्यायची आन् बापाच्या कानावर आपले हात ठिवायची."

त्यांनी पदरानं नाक पुसलं.

"सात वर्षं माझ्या कडंवर वाढली ती, बाई. मला ही गोष्ट म्हाईतच नव्हती. आता रोज एक तरी सांगतेत."