ताईची तार

फिनेलचा वास आला की झाशीच्या रेल्वे क्वार्टरमधली आमची मागची खोली आठवते. शाळा हिंदीची होती आणि वडिलांना, अण्णांना, आमचं मराठी सुटायला नको होतं, म्हणून तेच आम्हाला घरी शिकवत. कोणी काय शिकायचं तेही तेच ठरवत. दादाला तारेची लिपी, ताईला भूगोल, मला पाढे. ताई म्हणाली, "अण्णा, मलाही तार शिकवा." अण्णा हसले, "का गं, बबीना स्टेशनची मास्तरीण होणार आहेस?" दादा सरावाला चमच्याने कडकट्ट करत बसायचा, ते स्वयंपाकघरातून ऐकून ताई शिकलीच. त्याच थंडीत तिला घटसर्प झाला आणि आवाज गेला. फिनेल टाकलेल्या त्या मागच्या खोलीत मला जाऊ देत नसत, मी दारात बसले होते. ती चमच्याने पितळी वाटी वाजवू लागली, थांबून थांबून. आईने पाणी पुढे केलं, तिने नको म्हणून मान हलवली. मी ओरडले, "आई, ती तार देतेय, दादाला बोलाव!" अण्णा ड्यूटीवर बाहेरगावी होते, दादा स्टेशनावर; शेजारचे भैया त्याला आणायला धावले. दादा येईपर्यंत ताई गेली होती. पुढे मी हट्टाने दादाकडून ती लिपी शिकले. आता सगळी अक्षरं येतात. ताईची वाटी अजून ऐकू येते, पण ती कुठे किती थांबत होती ते आठवत नाही, म्हणून एकही अक्षर लागत नाही.