कशावरूनदादा आणि नागपूरची सात पत्रं

दादांचा कशावरच विश्वास नव्हता. चहात साखर घातली आहे असं सांगितलं तरी ते आधी बशीत थोडा ओतून चाखायचे आणि मग "हाय, साखर हाय" असं जाहीर करायचे. वेळ बघायची तर भिंतीवरचं, मनगटावरचं आणि मोबाइलमधलं अशी तीन घड्याळं बघायचे. डॉक्टरांनी ताप आहे म्हटलं, कंडक्टरने बस अलिबागची आहे म्हटलं, बायकोने भात झाला म्हटलं, की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा, "कशावरून?" म्हणून उरणच्या बाजारात त्यांचं नाव कशावरूनदादा पडलं. तोंडावर आम्ही नुसतं दादा म्हणायचो.

हा स्वभाव नोकरीने घडवला की स्वभावामुळे ती नोकरी मिळाली, हे मला कधी कळलं नाही. न्हावा शेव्याच्या बंदराजवळ कंटेनर ठेवायचं एक यार्ड होतं, तिथे ते सील तपासायला होते. दाराला लावलेलं लोखंडी सील ओढून बघायचं, पिळून बघायचं आणि त्याचा नंबर कागदाशी ताडून बघायचा. बाकीचे लोक नंबर एकदा वाचून मोकळे व्हायचे. दादा तो उलटाही वाचायचे. "सुलट वाचला का डोळा कागदावर असंल तेच बघतो," ते म्हणायचे, "उलट वाचला म्हंजे जे हाय ते बघावं लागतं." मी शाळेत विज्ञान शिकवतो. प्रयोगाच्या नोंदी तपासताना मी अजूनही आकडे उलटे वाचतो आणि मुलांच्या चुका पटापट सापडतात.

अशा माणसाला विज्ञानकथांचं वेड होतं. मला, दादांना आणि नसीमला, असं तिघांनाच ते होतं म्हणून आमची मैत्री. नसीमचं बाजारात झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. रविवारी सकाळी आम्ही तिथे बसायचो. दादा गोष्ट वाचायचे ती पेन्सिल घेऊन, आणि समासात जागोजाग प्रश्नचिन्हं काढायचे. मीही अधूनमधून गोष्टी लिहितो. त्या दादांना वाचायला दिल्या की चार दिवसांनी परत यायच्या आणि सोबत चुकांची यादी यायची. "मास्तर, तुझा माणूस चंद्रावर शिट्टी वाजवतो. ऐकली कुणी?" चांगली आहे असं त्यांनी माझ्या एकाही गोष्टीला म्हटलं नाही. मीही विचारणं सोडून दिलं होतं.

मग एके दिवशी दादा यार्डात शिडीवरून घसरले आणि उजवा पाय दोन ठिकाणी मोडला. चार महिने अंथरुणावर. त्या काळात एका मासिकात नागपूरच्या एका ज्येष्ठ लेखकाची विज्ञान कादंबरी क्रमाने येत होती. आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. सर फोन वापरत नाहीत अशी त्यांची ख्याती होती. कादंबरीत दोन चंद्रांचा ग्रह होता, आणि त्यावरच्या बंदरातून महिनाभर रोज पहाटे, त्याच वेळेला, भरतीबरोबर गलबत सुटत होतं. दादा अंथरुणात उठून बसले. "रोज त्याच टायमाला भरती? आपल्याकडं एका चंद्रानं ती रोज पाऊण तास पुढं सरते. कशावरून?" त्यांनी सरांना मासिकाच्या पत्त्यावर चार पानी पत्र लिहिलं, मला वाचून दाखवलं, पाकीट चिकटवलं आणि जोडावर आडवी सही केली, म्हणजे मधे कुणी उघडलं तर कळावं. माझी शाळा पोस्टाला लागून, त्यामुळे पत्र टाकायचं काम माझं. ते मी टाकलं.

उत्तर आलं नाही. शाळा सुटल्यावर मी रोज त्यांच्याकडे जायचो आणि ते रोज विचारायचे, "आलं?" दोन महिने विचारलं. नंतर विचारणं थांबलं, मग वाचणंही थांबलं. प्लास्टर निघालं तरी दादा उभं राहायला तयार होईनात. डॉक्टर म्हणाले पाय जुळलाय, दादांनी "कशावरून" असंसुद्धा विचारलं नाही. वहिनी मला बाहेर ओट्यावर घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "भावजी, हे काय बरं लक्षण न्हाय." मलाही भीती वाटली.

म्हणून ते पत्र मी लिहिलं. सरांच्या नावाने, नसीमच्या दुकानात टाइप करून, खाली वळणदार सही ठोकून. नागपूरला माझा मेहुणा असतो. त्याच्याकडे पाठवलं, त्याने तिथून टाकलं, म्हणजे शिक्का नागपूरचा. पत्रात मी सरांची बाजू जोरात लढवली. पत्र आलं त्या दिवशी दादांनी ते वाचलं, पाकीट उजेडात धरलं, शिक्का निरखला आणि वहिनींना म्हणाले, "काठी आण." ते दारापर्यंत चालत गेले. मी कोपऱ्यात उभा राहून डोळे पुसले, खोटं कशाला सांगू.

एका पत्रावर भागेल असं मला वाटलं होतं. पण दादांनी उत्तराला उत्तर लिहिलं. ते टाकायला माझ्याकडेच आलं. टाकलं तर सरांना सगळं कळणार, न टाकलं तर दादा पुन्हा झोपणार. मी जोडावरची सही फाडून पाकीट उघडलं. असं दोन वर्षं चाललं. दादांची सात पत्रं माझ्या कपाटात साठली आणि सरांची सात पत्रं दादांच्या फाइलला लागली. माझा जीव मात्र तेव्हापासून थाऱ्यावर नव्हता. दादा माझ्याकडे बघून हसले की मला वाटायचं, कळलं. हसले नाहीत तरी तेच वाटायचं.

आणि अलिबागच्या एका कॉलेजात विज्ञानकथाप्रेमींचं दिवसभराचं संमेलन ठरलं. प्रमुख पाहुणे, नागपूरचे सर. नसीमने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि एवढंच म्हणाला, "मास्तर, तू गेलास." मी दादांना ऊन सांगितलं, पाय सांगितला, गर्दी सांगितली. दादा म्हणाले, "करंज्याची सकाळची लाँच पकडू."

लाँचमध्ये दादांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. तिच्यातून फाइलीचा निळा कोपरा दिसत होता. नसीमने मला कोपराने ढोसलं. खाडीच्या मधोमध दादांनी विचारलं, "मास्तर, सर नागपुरात कुठं राहतात रं?" मी म्हटलं, "मला काय माहीत दादा?" दादा पाण्याकडे बघत राहिले, आणि पलीकडचं रेवस येईपर्यंत मी त्या एका प्रश्नाचे दहा अर्थ लावले.

कॉलेजच्या फाटकात परग्रहावरची मंडळी स्वागताला उभी होती. थर्माकोलचे यंत्रमानव, हिरवी तोंडं, चार हातांचा एक प्राणी. अंतराळवीराचा पोशाख केलेल्या मुलीपुढे दादा थांबले. पाठीवरची टाकी त्यांनी ओढून बघितली. ते रिकामं खोकं होतं. "नळी कुठं जोडलीय?" "नाही जोडली काका." "मग बाय, तू मघाशीच मेलीस." पोरगी खळखळून हसली आणि तिने दादांबरोबर फोटो काढून घेतला. मला हसू आलं नाही. टाकी तपासणारा माणूस पत्रं तपासल्याशिवाय राहील कसा, हेच डोक्यात.

सभागृहात तर कमालच झाली. एक वक्ते कालप्रवासावर तासभर बोलले, दुसऱ्यांनी मंगळावर भातशेती करून दाखवली. प्रश्न विचारा म्हणून दोनदा पुकारलं. दादांनी हात वर केला नाही. सबंध सकाळ एकही "कशावरून" नाही. नसीम माझ्या कानात म्हणाला, "हा गप आहे म्हणजे याला काहीतरी पक्कं ठाऊक आहे." मी त्याला गप बस म्हटलं, पण त्याचं म्हणणं मला पटलं होतं. सर मंचावर बसले होते, ऐंशीच्या पुढचे, बारीक, कानात यंत्र. मला ते न्यायाधीशासारखे दिसत होते.

जेवणानंतर सर सह्या द्यायला टेबलाशी बसले आणि रांग लागली. मी दादांना म्हटलं, "आधी श्रीखंड खाऊन घेऊ, संपेल." "संपू दे." "पाय दुखेल उभं राहून." "दुखू दे." नसीम लघवीला जातो म्हणून गेला तो आलाच नाही. रांगेत दादांनी माझं मनगट धरलं ते सोडलं नाही. आमचा नंबर आला तेव्हा त्यांनी फाइल काढून सरांपुढे उघडली आणि मोठ्याने, यंत्रात नीट जाईल असं, म्हणाले, "सर, तुमच्या नावानं मला सात पत्रं आली. हा आमचा मास्तर. यानं लिहिली."

सरांनी चष्मा बदलला, पहिलं पत्र सावकाश वाचलं, पान उलटलं, पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "भाषा चांगली आहे. पण हे मी लिहिलेलं नाही हे कुणालाही कळेल. तुम्ही माझी चूक झाकलीत, ती झाकण्याजोगी नव्हती हे मला ठाऊक होतं." दादांकडे वळून म्हणाले, "तुमचं पत्र मला मिळालं होतं. मी समुद्र पाहिला तो साठीनंतर. भरती रोज पुढे सरकते हे मला तुमचं पत्र येईपर्यंत ठाऊकच नव्हतं. तुमचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून उत्तर दिलं नाही. लाज वाटली. क्षमा करा."

दादांनी हात जोडले. एवढंच हवं होतं त्यांना, अडीच वर्षं. सरांनी सही देऊ का विचारलं तर म्हणाले, "नको सर, सही कुणीपण करतं."

परतीच्या लाँचमध्ये ऊन उतरलं होतं. नसीम लांब, टोकाला बसला होता. मी धीर करून विचारलं, "कधी कळलं?"

"पहिल्याच पत्राला."

"शिक्का तर नागपूरचा होता."

"शिक्का बरोबर व्हता. आत तू लिवलंस, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हंजे भरतीची वेळ, हा आपला हिशेब त्या ग्रहाला लागू न्हाय." दादा हसायला लागले. "नागपूरचा माणूस तिथीवरनं भरती काढंल व्हय? ते उरणच्या पोराला येतं. आणि वर 'आपला' हिशेब."

मला शरमेने वर बघवेना. "मग तुम्ही बोलला का नाहीत? उलट लिहीत राहिलात."

"उत्तरं येत व्हती ना," दादा म्हणाले.

मी तिथेच सांगून टाकलं, की तुमची पत्रं मी फोडली, पुढे टाकलीच नाहीत, माझ्या कपाटात आहेत. करंजा आलं. उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला, जो ते एरवी कुणाचा घेत नसत. त्यानंतर आमच्या रविवारच्या बैठकी पूर्वीसारख्याच चालू राहिल्या, पत्रं मात्र थांबली. दोन वर्षांनी दादा हृदयविकाराने गेले. वहिनी सांगत होत्या, दवाखान्यात नेताना त्यांनी ड्रायव्हरला रस्ता विचारला होता.

दिवसकार्य झाल्यावर मी कपाटातली त्यांची सात पत्रं काढली. दोन वर्षं मी ती धास्तीने वाचली होती, माझं बिंग कुठे फुटतंय एवढंच शोधत. आता प्रथमच नीट वाचली. सहाव्या पत्रात, शेवटच्या पानावर, भरती आणि ग्रह सगळं संपल्यावर दादांनी लिहिलं होतं, "सर, आमच्याकडे एक मास्तर आहेत. मी पडून होतो तेव्हा चार महिने रोज आले. त्यांच्या गोष्टी मला फार आवडतात, पण तोंडावर सांगायला मला जमत नाही. तुमच्या उत्तरात त्यांच्यासाठी दोन ओळी लिहाल का? त्यांना मिळाल्या की मला कळेल."

ही ओळ मी तेव्हाही वाचली होती. मला वाटलं, दादा आपल्याला सापळ्यात पकडतायत. म्हणून मी सरांच्या नावाने गुरुत्वाकर्षणावर दोन पानं उत्तर लिहिलं, आणि त्या ओळीबद्दल एक शब्दही लिहिला नाही.