सरासरीतलं गाव

देवपूरचा पितांबर बेरजेत वाघ होता. कचेरीत कुणाचा आकडा जुळेना की कागद त्याच्यापुढे येई. मान ताठ, पेन्सिल कानावर. या हुशारीनंच पुढे घात केला.

बहात्तरचा दुष्काळ. घरोघर जाऊन तक्ते भरायचं काम त्याच्याकडे आलं. घरात माणसं किती, ढोरं किती, हे मोजायचं. पुढच्या रकान्यात घराची स्थिती: चांगली तर एक, मध्यम तर दोन, हलाखीची तर तीन. त्या नुसत्या खुणा होत्या. खुणेला आकडा दिला म्हणून ती संख्या होत नाही बाबांनो, पण हे त्या शहाण्याला कुणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.

पांझरेकाठच्या एका गावात ऐंशी घरं. चाळीस विहीरवाल्यांची, त्यांच्यापुढे एक. चाळीस मजुरांची, त्यांच्यापुढे तीन. त्यातल्या शेवटच्या घरात सुंदरबाई ही एकटी म्हातारी. रिकामं मडकं दाखवून ती म्हणाली, “भाऊ, घरमा दाना नही शे. खडीनं काम निंघी का?”

“निघेल, अक्का,” पितांबर म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

कचेरीत त्यानं सगळ्या खुणांची बेरीज केली, ऐंशीनं भागली. उत्तर आलं दोन. गाव मध्यम! अडीचच्या वर गेलेल्या गावालाच खडी फोडायचं दुष्काळी काम मिळणार होतं. अख्ख्या गावात मध्यम घर एकही नव्हतं, तरी कागदावर गाव मध्यम झालं. काम निघालं नाही.

तीन महिन्यांनी फेरतपासणीला तो पुन्हा गेला. मजुरांच्या सव्वीस घरांच्या दारांना बोरीच्या काट्या लावलेल्या. सुंदरबाईच्याही. शेजारच्या झिपरूनं सांगितलं, सगळे सुरतेकडे पायी निघाले, म्हातारी वाटेतच, नवापूरच्या अलीकडे वारली. नियमाप्रमाणे बंद घरापुढे पितांबरनं शून्य लिहिलं.

या खेपेला सरासरी आली जवळजवळ एक. कचेरीतले साहेब खूष झाले.

“बघा, गाव सुधारलं. चांगल्यात आलं.”

“साहेब, माणसं गेली म्हणून आकडा उतरला,” पितांबर म्हणाला. “या खुणांची बेरीजच करायला नको होती. मागचीही चूक होती.”

“मागची बेरीज कुणाची?”

“माझीच.”

“मग तेव्हा गप्प का होतात? कागद वर गेलेत.” साहेबांनी तक्ता पुढे सरकवला. “सही करा.”

घरी पाच तोंडं खाणारी, नोकरी कच्ची. उरलेल्या चौदा घरांतली चुलीपुढची माणसं पितांबरच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. त्यानं सही केली. चौदा घरंही पुढच्या महिन्यात सुरतेच्या वाटेला लागली.