धर्मशाळेच्या भिंतीवरचा ओला हात

आमच्या गावात कोणा बाईच्या अंगात आलं की मला बोलावतात. मंत्रतंत्र येतात म्हणून नव्हे. मी समोर जाऊन उभी राहिले की अंगात यायचं थांबतं, म्हणून. इतकी वर्षं बालवाडी चालवते. खरं रडणं कुठलं आणि दाखवायचं कुठलं, हे मला लांबूनच कळतं. तुमच्या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी नेमाने वाचते आणि दर वेळी आमच्या ह्यांना म्हणते, की या माणसाने रात्री जरा हलकं जेवायला हवं होतं.

त्यामुळे हे लिहिताना अवघड वाटतंय. पण जे घडलं ते भर दुपारी घडलं, आणि तेव्हा माझ्या पोटात जेमतेम अर्धी भाकरी होती.

आमचं गाव मोताळा तालुक्यात. नाव लिहीत नाही, उगाच जुनी भांडणं उकरून निघायची. महाराष्ट्र राज्य नवं होतं, जिल्हा परिषदा नुकत्या सुरू झाल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. गावात दोन आळ्या — वरची आणि खालची. दोन्हींच्या बरोबर मध्ये धर्मशाळा. दगडी जोतं, सागवानी खांब, वर लाकडी माडी, आणि ये-जा करायला एकच मोठा दरवाजा. आत गेलं की समोर लांबलचक चुन्याची भिंत. माझी बालवाडी याच भिंतीपाशी भरायची.

ही धर्मशाळा फार पूर्वी यमुनाबाई नावाच्या एका निपुत्रिक विधवेने बांधली. मला सून नाही, तर गावात येणारी प्रत्येक सून माझीच, असं म्हणून तिने एक प्रथा घालून दिली. लग्न होऊन आलेल्या मुलीने घराचं माप ओलांडायच्या आधी धर्मशाळेत यायचं, ओल्या हळदीत हात बुडवून या भिंतीवर उमटवायचा आणि मगच सासरी जायचं. वरची आळी असो की खालची, भिंत एकच. दर दिवाळीला वरून चुना मारला जायचा, जुने हात झाकले जायचे, नव्या सुनांचे वर उमटायचे. माझाही त्यात कुठेतरी होता.

त्या वर्षी दोन्ही आळ्यांचा कापूस धर्मशाळेत गंजी करून ठेवलेला होता. मलकापूरच्या सरकी काढायच्या जिनात न्यायला गाड्यांचा नंबर लागायचा होता. एका सकाळी गंजीने पेट घेतला. साऱ्या गावाने विहिरीपासून रांग लावली, बायका-माणसांनी बादल्या फिरवल्या आणि आग विझवली. इथपर्यंत कौतुकच करायला हवं.

आता कापूस पिकवणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही, की वरून विझलेली गंजी आतून धुमसत असते. ती ताबडतोब उसकटून पसरावी लागते. पण उसकटायची कोणी? ज्या आळीतल्या माणसाच्या बिडीने आग लागली त्या आळीने! मग बिडी कोणाची यावर रस्त्यातच सभा भरली. पंधरवड्यापूर्वीची भांडणं निघाली, विहिरीवरची निघाली, पोळ्याला कोणाचा बैल पुढे होता तेही निघालं... आणि पाठीमागे गंजी पुन्हा भडकली ती थेट माडीला जाऊन भिडली. जी आग सगळ्यांनी मिळून विझवली, ती सगळ्यांनी मिळूनच पुन्हा पेटू दिली. छप्पर आणि माडी गेली. उरल्या काळ्या ठिक्कर भिंती आणि निम्मे खांब.

वरच्या आळीचे नानासाहेब गावातले मोठे शेतकरी. ते म्हणाले, "पाडून टाका. मी माया पैशानं सिमेंटचा स्लॅबचा हॉल बांधून देतो, ताराच्या नावानं." तारावहिनी म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन दुसरं वर्ष चालू होतं. नानांना मूलबाळ नव्हतं, आणि ती गेल्यापासून ते जेवायलासुद्धा ओट्यावर बसत, आत जात नसत. माणूस चांगला, हेतूही चांगला. पण नव्या हॉलला दार येणार, दाराला कुलूप येणार आणि किल्ली वरच्या आळीत राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. खालच्या आळीतली पोरं मग माझ्या बालवाडीत येतील का? धर्मशाळेच्या दाराला यमुनाबाईने कडीच ठेवली नव्हती.

खालची आळी म्हणाली, धर्मशाळा पाडायची नाही. त्यांचं धर्मशाळेवर प्रेम होतं म्हणून नव्हे, वरची आळी पाडायची म्हणाली म्हणून.

जिल्हा परिषदेचे ओव्हरसिअर येऊन बघून गेले. म्हणाले, "काजळी धुतल्याशिवाय भिंतीला तडे आहेत की नाहीत ते कळणार नाही. धुऊन ठेवा. परवा येतो. भिंत धड असेल आणि गावाचं एकमत असेल तर ठेवू. नाहीतर धोकादायक म्हणून पाडायचा रिपोर्ट देतो."

भिंतीचं मी बघू शकत होते. एकमत कुठून आणायचं?

तरी दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन्ही आळ्यांतल्या बायका गोळा केल्या. खालच्या आळीची म्होरकी रुख्माकाकू. तिचं आणि तारावहिनीचं विहिरीवर जन्मभर वाजलेलं. कोणाचा दोर आधी विहिरीत जाणार यावरून दोघींनी एकमेकींच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. काथ्या, राख आणि पाणी घेऊन आम्ही भिंतीला लागलो.

काजळी निघाली, तसे आगीने भाजलेल्या चुन्याचे पोपडेही निघायला लागले. एक थर निघाला, त्याखाली दुसरा. आणि थराथरांतून हात बाहेर यायला लागले. हळदीला चुना लागला की ती लाल होते, कुंकू तसंच करतात. त्यामुळे सगळे पंजे लालसर तपकिरी झालेले. बायका काम सोडून आपापला हात शोधायला लागल्या.

"हा माया! हा पाहा, अंगठीचा ठसा बी हाय!"

"तुया? एवढासा हात होता काय व तुया? आता तं सूप झालं त्याचं!"

"तू बोलून राह्यली? तुई तं बोटंच भिंतीवर मावली नाई!"

मला वाटलं होतं तेवढी भांडणं त्या दिवशी झाली नाहीत. नाना एकदा दारापर्यंत आले. आत पाऊल टाकलं नाही. म्हणाले, "बाई, काऊन मेहनत करून राह्यल्या? उद्या पडनारच हाय ते."

"पडेल तेव्हा पडेल," मी म्हटलं, "घाणेरडी पडायला नको."

दुपारी सगळ्या जणी बाहेर कडुनिंबाखाली भाकरी खायला बसल्या. मी उंबऱ्यावर बसले, दाराच्या मधोमध, कारण वारा तिथेच होता. आत कोणी नव्हतं. मागच्या बाजूला जळक्या तुळयांचा ढीग पडलेला, वर नुसतं आभाळ. आत जायचं तर मला ओलांडूनच जावं लागलं असतं. अर्धी भाकरी झाली आणि पाणी प्यायला उठले, तेव्हा सहज आत नजर गेली.

दाराच्या बरोबर समोर, भिंतीवर हात वर करून पोचेल एवढ्या उंचीवर एक पंजा होता. पिवळा.

तेवढी भिंत सकाळी मी स्वतः घासली होती. तिथे काही नव्हतं, नुसता पांढरा चुना. काजळी अजून माझ्या नखांत होती. जवळ गेले. हळद ओली होती. तळव्याखालून एक ओघळ हळूहळू खाली येत होता. कच्च्या हळदीचा वास येत होता. पंजाची कड माझ्या डोळ्यांदेखत लाल व्हायला लागली होती... म्हणजे हात नुकताच टेकलेला.

मी पहिलं काय केलं असेल तर ओरडले, "हा चावटपणा कोणाचा?"

सगळ्या आत आल्या. गलका झाला. रुख्माकाकू पुढे झाली, मान वर करून बघत राहिली आणि तिच्या हातातला भाकरीचा तुकडा खाली पडला.

"करंगळी पाहा," ती म्हणाली.

करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती. लहानपणी तारावहिनीची करंगळी दारात चेंगरली होती, ती कायमची तशी राहिली. घागर उचलताना ते बोट वेगळंच उभं राहायचं, साऱ्या गावाला माहीत.

"तारे," रुख्माकाकू भिंतीला म्हणाली, "मेली तरी वरच्या आळीचीच व तू! साऱ्याईच्या डोक्यावर जाऊन हात लावला!" आणि पदर तोंडाला लावून ती रडायला लागली. तारावहिनी गेली तेव्हा हिच्या डोळ्यांत टिपूस आलेलं मी पाहिलं नव्हतं.

मी म्हटलं, रडणं नंतर. करंगळ्या कोणाच्याही वाकड्या असतात. मी घरून हळद मागवली. तिथे कोणाकडेच हळद नव्हती हे आधी लक्षात घ्या. जोत्याच्या दगडावर सगळ्यांना ओळीने हात उमटवायला लावले. बालवाडीतल्या पोरांसारखं.

"मले काऊन? मी काय भूत हावो?"

"तुये हात पाहून भूत बी पळून जाईन. ठेव मुकाट्यानं!"

एकीचाही हात तसा निघाला नाही. कोणाचा रुंद, कोणाचा आखूड. करंगळ्या सगळ्यांच्या सरळ. शेवटी रुख्माकाकूनेच माझा हात धरून हळदीत बुडवला आणि दगडावर दाबला. "तुया बी पाहू दे, बाई." माझाही नव्हता.

कोणीतरी नानांना सांगितलंच. ते आले, दारात थांबले, मग चपला काढून आत आले. आग लागल्यानंतर पहिल्यांदाच. भिंतीसमोर उभे राहिले. आपला हात वर नेला, पण भिंतीला लावला नाही, थोडा अलीकडेच धरला.  

हात तसाच धरून ते मला म्हणाले, "बाई, मी तिच्याच नावानं बांधनार होतो. तिले नाई पटलं काय? रागावली असंल काय?"

 माणूस उत्तरासाठी उभा होता. मी म्हटलं, "नाना, रागावली असती तर तिने पंजा भिंतीवर उठवला नसता. तुमच्या गालावर उठवला असता."

पहिल्यांदा रुख्माकाकू हसली. मग नाना हसले, आणि हसता हसताच खाली बसले.

दुसऱ्या दिवशी ओव्हरसिअर आले. भिंतीवर टिचक्या मारून पाहिल्या. एकही तडा नव्हता. त्यांनी गावाचं मत विचारलं. नाना म्हणाले, "धर्मशाळा ठेवायची. छपराचं सागवान माया वावरातलं." वरची आळी 'ठेवायची' म्हणाली म्हटल्यावर खालच्या आळीतल्या दोघा-तिघांनी सवयीने 'पाडायची' म्हणायला तोंड उघडलं होतं. रुख्माकाकूने मागे वळून नुसतं पाहिलं. गावाचं एकमत झालं. माझ्या माहितीत ते पहिलं आणि बहुधा शेवटचं.

बालवाडी आजही तिथेच भरते. तो पंजा त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत चुन्याने लाल होऊन बाकीच्यांसारखा झाला. ओव्हरसिअरना दाखवायला गेले तर ते म्हणाले, यातला वेगळा कुठला?

मी सगळ्या शक्यता तपासल्या आहेत. भिंतीवरून उडी मारून कोणी आलं असतं तर ओल्या राखेत पावलं उमटली असती. होती ती आमचीच, दारापासून भिंतीपर्यंत. जुना पंजा धुतल्याने वर आला म्हणावं, तर तो पिवळा कसा? हळद आणि चुन्याचं मला कोणी समजावू नये, ते मला येतं. भुताखेतांवर माझा अजूनही विश्वास नाही. या एका गोष्टीचं काय करायचं तेवढं कळत नाही.

मागे एकदा छपराची कौलं फेरताना मी हे सगळं नानांपाशी पुन्हा काढलं. म्हटलं, "नाना, दारात मी बसले होते. मला चुकवून तारावहिनी आत गेली असं एक वेळ धरून चालू. पण मग ती बाहेर का नाही आली?"

नाना कौलं वर देत होते. हात न थांबवता म्हणाले, "बाहेर काऊन यावं तिनं? छप्पर झालं नं आता."