उचललेली टाच

माझी आत्या शिंपीण. उसवलेला कपडा नव्यासारखा करून देण्यात तिचा हात धरणारं आमच्या गल्लीत कुणी नव्हतं, अजूनही नाही. पण हे तिचं अर्धंच आयुष्य झालं. दुपारी दोन तास दुकानाचं शटर खाली आलं की मागच्या खोलीत ती नाचायची. तिच्या आईनं शिकवलेला, देवापुढे करायचा संथ नाच. बाकी थाटमाट काही नाही, प्रार्थनेची चार कडवी आणि पाय.

त्यात एक पाऊल म्हणजे सगळं. तिसऱ्या मात्रेला डावा पाय टाचेसकट जमिनीवर टेकवायचा, सगळा भार त्यावर टाकायचा, मगच हात जोडायचे. "देवापुढे अंग चोरायचं नसतं," आत्या म्हणायची. आणि नाचायच्या आधी हे पाऊल आपण कुणाकडून घेतलं ते मोठ्यानं सांगायचं, ही या नाचाची रीत. "हे पाऊल माझ्या आईचं," असं ती रिकाम्या खोलीतसुद्धा म्हणायची.

मी पंधरा वर्षांची असताना कापडाचे तागे काढताना आत्या शिडीवरून पडली. डावा घोटा कायमचा गेला. नाचायची तरीही, पण तिसऱ्या मात्रेला टाच बोटभर वर लटकायची. मला शिकवायचा तिनं जिवापाड प्रयत्न केला. काय सांगू, नाचायला लागले की मला दोनच पाय आहेत हे खरं वाटत नाही, इतके ते एकमेकांत अडकतात.

मग वहीवाली आली. नाच, मूर्ती आणि प्रार्थना यांचं एकमेकांशी नातं काय, यावर ती विद्यापीठात प्रबंध लिहीत होती. सदानकदा हातात वही, म्हणून हे नाव मीच ठेवलेलं. सहा वर्षं आमच्याकडे पडीक होती. तिला ताप आला तेव्हा आत्यानं तिला आपल्या पलंगावर निजवलं आणि स्वतः कापड बेतायच्या टेबलावर झोपली. मी जन्मभर आत्या म्हणत आले आणि ही बया तिसऱ्या महिन्यात "आई" म्हणायला लागली! आत्या विरघळलीच.

ते पाऊल आत्यानं तिच्याकडून घोटून घेतलं. वहीवालीच्या टाचेला शिवणकामाचा खडू चोळायची आणि नाच संपला की फरशीवर ठसे उमटलेत का ते वाकून बघायची. दर वेळी बजावायची, "माझ्या पायाकडे बघू नकोस. तो मोडका आहे. मी तोंडानं सांगते ते ऐक." वहीवालीनं हे वहीत लिहिलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय.

एके दुपारी फरशीवर सगळे ठसे पुरते उमटले, टाचेसकट, स्वच्छ पांढरे. आत्या भिंतीला टेकून बसली आणि ढसाढसा रडली. "माझ्या आईचं पाऊल आहे गं हे," म्हणाली, "आता मी मेले तरी चालेल."

प्रबंध पुरा झाला, वहीवाली गेली. फोन आधी आठवड्याला यायचा, मग महिन्याला, मग बंदच झाला. चार वर्षांनी निमंत्रण आलं. तिच्या पुस्तकाचं प्रकाशन, सकाळी अकरा वाजता, आणि तीस मुलींचा नाच. आत्यानं कित्येक वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी नवे कपडे शिवले. सभागृहात पोचल्यावर पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर आपल्या नावाची चिठ्ठी शोधत फिरली. नव्हती. आम्ही सातव्या रांगेत बसलो.

वहीवाली मंचावर आली तशी आत्यानं माझा हात घट्ट धरला. आता रीतीप्रमाणे सांगायचं होतं.

"हे पाऊल," वहीवाली माईकमध्ये म्हणाली, "जुन्या मूर्तींचं."

टाळ्या! मग तिनं पडद्यावर झिजलेल्या दगडातल्या एका नर्तकीचा फोटो दाखवला. तिची टाच उचललेली. हीच टाच नाचात आहे, हाच अडखळा प्रार्थनेच्या लयीत आहे, हा भक्ताचा संकोच आहे आणि हा माझा शोध आहे, असं तिनं सांगितलं. मग तीस मुली नाचल्या. तिसऱ्या मात्रेला तीस डाव्या टाचा बोटभर वर लटकल्या, अगदी शिडीवरून पडलेल्या माझ्या आत्यासारख्या.

माझं डोकंच फिरलं. आत्या मात्र हळू आवाजात म्हणाली, "माझं नाव गाळलं ते एक वेळ चालेल. पण आईचं पाऊल?"

गर्दी ओसरल्यावर वहीवाली व्हरांड्यात भेटली. "आई! आलीस तू! कसं वाटलं?"

"टाच माझी मोडलीय, हे तुला सांगितलं होतं ना?"

वहीवालीनं आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "सांगितलं होतंस. पण मूर्ती बघितल्यावर सगळं इतकं छान जुळलं गं! साध्या टेकलेल्या पावलात लिहिण्यासारखं काय होतं?"

"आमच्या घरात राहून केसानं गळा कापलास!" मी ओरडले. आत्यानं मला हातानं मागे सारलं.

"पुस्तक तुझं तुला लखलाभ," ती वहीवालीला म्हणाली. "फक्त एकदा ते खरं पाऊल टाकून दाखव. मला टाकता येत नाही आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही."

तिनं पर्समधून खडू काढला. दुखऱ्या घोट्यावर कशीबशी खाली बसली आणि वहीवालीच्या टाचेला तो चोळला. वहीवालीनं डोळे मिटले. एक, दोन, तीन. टाच बोटभर वर. ती ओशाळून हसली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिनं जोर करून टाच दाबली तर तोलच गेला, आणि फरशीवर खडूचा नुसता फराटा उठला. चार वर्षं मुलींना ते लंगडं पाऊल शिकवता शिकवता तिच्या पायातही तेच बसलं होतं.

"आई, येत होतं गं मला," ती म्हणाली. आता तिचा चेहरा पार उतरला होता.

"हो ना," आत्या म्हणाली. "तुलाच येत होतं."

आत्यानं तो फराटा रुमालानं पुसला आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली. "चल," मला म्हणाली, "गिऱ्हाइकं खोळंबली असतील."

तेव्हापासून दुपारी दुकानाचं शटर खाली येत नाही.